मदत हवी आहे: प्रेस मशीनचा सेन्सर बंद ठेवतात, तक्रार कुठे करायची?

माझा धाकटा भाऊ भोसरी एमआयडीसीत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर) आहे, कंत्राटी. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर तिथे टार्गेटसाठी बायपास केलाय. हात बाहेर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकाला टेप लावून ठेवतात. मागे एका मुलाची बोटं गेली, तर मॅनेजर म्हणतात, "त्याचं लक्ष नव्हतं." अहो, लक्ष कुणाचंही चुकतं, मशीनवरचा सुरक्षा गार्ड त्यासाठीच असतो ना! 1948 च्या कारखाना कायद्यापासून ही जबाबदारी कारखान्याची आहे.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते का? पुण्यात कुणी केली असल्यास अर्जात काय लिहिलं, तपासणीला खरंच कुणी आलं का, कृपया सांगा. भावाचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्डही अजून दिलेलं नाही, तेही कुणाकडे मागायचं?