मदत हवी आहे : शेणभुंगेऱ्यांच्या नमुन्यांवर तेलकट थर

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या हद्दीबाहेर, चराऊ माळावर पावसाळ्यात सापळे लावून शेणभुंगेरे गोळा केले आहेत. एक लिटरचा डबा कड जमिनीच्या अगदी पातळीत येईल असा पुरलेला (कड जरा वर राहिली की भुंगेरा वळसा घालून निघून जातो), वर मलमलीत बांधलेली ताज्या शेणाची पुरचुंडी, तळाशी साबणाचा थेंब टाकलेलं मिठाचं पाणी. 24 तासांनी उचलायचं. इथवर सगळं ठीक.

अडचण नंतरची. टाचणी उजव्या पंखकवचातून घातली आहे, म्हणजे मधली रेष शाबूत राहते. पण कॅथार्सियससारख्या मोठ्या, चरबीच्या जातींवर दोन-तीन महिन्यांत तेल पाझरतं, त्यावर धूळ बसते आणि पाठीवरची टिंबं, रेषा दिसेनाशा होतात. ओळख तर त्यावरच! लेबल काढून 24 तास ॲसिटोनमध्ये बुडवले, द्रावण एकदा बदललं, तरी तेल परत आलं.

पोटाच्या बाजूने बारीक छेद दिला तर आतली चरबी निघेल का? ॲसिटोन किती वेळा बदलावं? ऑन्थोफॅगस या दुसऱ्या शेणभुंगेऱ्यांच्या तांबूस-हिरव्या चकाकीवर परिणाम होतो का?

दुसरं, सोलापूरच्या एप्रिलमध्ये जुने नमुने इतके कोरडे होतात की हात लावताच पायांची टोकं गळतात. ओल्या वाळूच्या बंद डब्यात मऊ करायला ठेवले की बुरशी येते. थायमॉल (बुरशी रोखणारं रसायन) किती घालावं?

स्टेनलेस टाचण्या (2 आणि 3 नंबर) जवळपास कुठे मिळतात, तेही सांगा.