टिसा नदीतील प्लास्टिक : वरच्या देशाचा कचरा खालच्या देशाने किती काळ वेचायचा?

पैलतीर (प्रश्न)

नमस्कार. नोकरीनिमित्त गेली काही वर्षे माझे वास्तव्य हंगेरीत आहे. येथे टिसा नावाची मोठी नदी आहे. ती युक्रेनच्या कार्पेथियन डोंगरांत उगम पावते, काही अंतर रुमानियाच्या सीमेवरून वाहते, हंगेरीत शिरते, स्लोव्हाकियाला नुसती चाटून जाते, हंगेरीतून जवळपास ६०० किलोमीटर वाहते आणि शेवटी सर्बियात डॅन्यूबला मिळते. डॅन्यूब पुढे काळ्या समुद्राला जाते. एका नदीच्या खोऱ्यात असे पाच देश येतात.

मार्चमध्ये पूर ओसरल्यावर कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर मी नदीकाठच्या स्वच्छतेला गेलो होतो. काठावरच्या विलोच्या झाडांत, माझ्या डोक्याच्याही वर, बाटल्या अडकलेल्या होत्या, म्हणजे पाणी तेथपर्यंत चढले होते. खालच्या बाटल्या गाळाने इतक्या गच्च भरल्या होत्या की एकेक बाटली हातात विटेसारखी वाटत होती. टोपण उघडून गाळ ओतायचा, मग निळी, हिरवी आणि पांढरी बाटली वेगवेगळ्या पोत्यांत टाकायची, असे काम दिवसभर चालले. ज्या बाटल्यांवर वेष्टन शिल्लक होते, त्यांतील बहुतेकांवरची अक्षरे सिरिलिक, म्हणजे युक्रेनमध्ये चालणाऱ्या लिपीतील होती. शेजारचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले की दर पुराला हेच चालते आणि ते स्वतः दरवर्षी येतात.

घरी परतल्यावर मनात प्रश्न आला तो असा. वरच्या देशातून वाहत आलेल्या कचऱ्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवणारा एखादा करार आहे का? आणि असल्यास, दरवर्षी पोती घेऊन काठावर उभे राहण्याची वेळ का येते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाटकरी

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण मी नोकरीची सारी वर्षे पाटबंधाऱ्याच्या कामात घालवली आहेत आणि पुराचे पाणी काय काय वाहून आणते ते जवळून पाहिले आहे.

करार आहे, आणि तो चांगला आहे. डॅन्यूबच्या संरक्षणाचा करार १९९४ मध्ये सोफिया येथे झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९९८ पासून व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय आयोग काम करतो. टिसा खोऱ्यातील पाचही देश त्याचे सदस्य आहेत. टिसाच्या खोऱ्याचा एकत्र विचार करण्यासाठी या पाच देशांनी २००४ मध्ये वेगळे सामंजस्यही केले. तेव्हा सीमेपलीकडच्यांशी बोलणी होत नाहीत, असे म्हणता येणार नाही.

अडचण दुसरीकडे आहे. जानेवारी २००० मध्ये रुमानियातील बाया मारे येथील सोन्याच्या खाणीचा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी सोमेश नदीतून टिसात आणि तेथून डॅन्यूबमध्ये गेले. हंगेरीत मेलेल्या माशांचा खच पडला. त्या घटनेत बांध कोणाचा, तो कधी फुटला आणि विषारी पाणी कोणत्या गावाखालून कोणत्या दिवशी गेले, हे सारे सांगता येत होते. डॅन्यूब खोऱ्यात अशा अपघाताची सूचना खालच्या देशाला देणारी यंत्रणा त्याआधीपासूनच होती. प्लास्टिकच्या बाबतीत असा एक बांध नसतो आणि एक दिवसही नसतो. डोंगरातल्या शेकडो वस्त्यांत वर्षभर जे ओढ्याकाठी टाकले जाते, ते बर्फ वितळताना किंवा मोठ्या पावसात एकदम उठते. सूचना द्यायची तर कोणी आणि कशाची द्यायची?

एक गंमत (गंमत म्हणणे बरे नव्हे, पण राहवत नाही) सांगतो. डॅन्यूबच्या मुखाचा त्रिभुज प्रदेश रुमानिया आणि युक्रेन या दोन्ही देशांत विभागलेला आहे. म्हणजे कार्पेथियनमधून निघालेली एखादी बाटली हंगेरी, सर्बिया आणि पुढचे देश ओलांडून पुन्हा युक्रेनच्याच काठाला लागू शकते. अर्थात सगळ्या बाटल्या तेथवर पोचत नाहीत. बऱ्याचशा काठावरच्या झाडीत राहतात, काही हंगेरीत टिसावरच असलेल्या किश्कोरे येथील बंधाऱ्यामागे आणि काही डॅन्यूबवरच्या ‘आयर्न गेट’ धरणामागे अडकतात.

कलमबहाद्दर

पाटकरी यांनी कराराबद्दल लिहिले, त्याला कायद्याच्या बाजूची थोडी जोड देतो.

घातक कचऱ्यासंबंधीच्या बाझल करारात २०१९ मध्ये प्लास्टिकविषयी दुरुस्ती झाली आणि ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. पण ती दुरुस्ती एका देशाने दुसऱ्या देशाला पाठवलेल्या कचऱ्याची आहे. पुराने वाहून नेलेल्या बाटलीला ना पाठवणारा असतो, ना घेणारा. सीमेवरील पाण्याबाबत १९९२ चा हेलसिंकी करार आहे आणि शेजाऱ्याचे लक्षणीय नुकसान होऊ नये यासाठी वाजवी काळजी घेण्याचे तत्त्व आता सर्वमान्य आहे. मात्र ‘वाजवी काळजी’ म्हणजे किती, हे कोणत्याही करारात किलोग्रॅममध्ये लिहिलेले नाही. प्लास्टिकवरच्या जागतिक करारासाठी मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे ठराव झाला, पण डिसेंबर २०२४ ला बुसान येथे आणि ऑगस्ट २०२५ ला जिनिव्हा येथे बैठका सहमतीविनाच संपल्या.

म्हणून मला ऱ्हाइन नदीचा जुना दाखला अधिक उपयोगी वाटतो. फ्रान्सच्या अल्सास भागातील पोटॅशच्या खाणी नदीत मीठ सोडत आणि त्याचा फटका बसे तो अगदी खालच्या नेदरलँड्सला, तेथील पाणीपुरवठ्याला आणि काचघरातल्या शेतीला. कित्येक वर्षे वाद झाल्यावर १९७६ मध्ये बॉन येथे करार झाला आणि मीठ कमी करण्याच्या खर्चाची विभागणी ठरली. नेदरलँड्सने ३४ टक्के, फ्रान्स आणि जर्मनीने प्रत्येकी ३० टक्के आणि स्वित्झर्लंडने ६ टक्के द्यायचे. म्हणजे ज्याच्या दारात घाण येत होती, त्यानेच सर्वांत मोठा वाटा उचलला! ‘जो घाण करील तो भरील’ या न्यायाच्या हे सरळ उलट आहे आणि माझ्यातल्या वकिलाला ते आजही खुपते. परंतु खालच्या देशाने केलेला हिशेब सोपा होता. न्याय मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा पैसे देऊन मीठ थांबवणे त्याला स्वस्त पडणार होते. हेही सांगितले पाहिजे की मीठ जमिनीत पुरण्याच्या योजनेला अल्सासमध्ये विरोध झाला आणि करार प्रत्यक्ष लागू व्हायला १९८५ उजाडले.

टिसाच्या बाबतीत हाच मार्ग मला दिसतो. हंगेरीने आपल्या काठावर शंभर माणसे उभी करण्याऐवजी तोच पैसा वरच्या खोऱ्यातील गावांच्या कचरागाडीवर खर्च करावा.

किरणपाणी

कलमबहाद्दर यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. कचरागाडी हवीच. डोंगरातल्या गावात घंटागाडी पोचत नसेल, तर लोक कचरा एक तर जाळणार किंवा ओढ्यात टाकणार. यात युक्रेनचे लोक काही जगावेगळे नाहीत. पण मी कोकणात सुक्या कचऱ्याच्या संकलनाचे काम करतो, म्हणून सांगतो की गाडीपेक्षाही बाटलीला किंमत असणे महत्त्वाचे आहे. आमच्या शेडमध्ये पेट बाटली कधी कमी पडत नाही, कारण भंगारवाला ती घेतो. बहुपदरी पुड्या मात्र कोणीही उचलत नाही आणि खाडीत तरंगताना दिसतात त्या याच.

टिसा खोऱ्यात या दृष्टीने खरे काम झालेले आहे. स्लोव्हाकियाने जानेवारी २०२२ पासून बाटलीमागे १५ सेंट, रुमानियाने नोव्हेंबर २०२३ अखेरीस अर्धा लेउ आणि हंगेरीने जानेवारी २०२४ पासून ५० फॉरिंट अनामत ठेवली. रिकामी बाटली परत दिली की पैसे परत मिळतात. पाच देशांपैकी युक्रेन आणि सर्बियात मात्र अशी देशव्यापी पद्धत नाही. पैलतीर यांनी काठावर वेचलेली सिरिलिक अक्षरांची बाटली हंगेरीतल्या, रिकाम्या बाटल्या घेऊन अनामत परत देणाऱ्या यंत्रात घातली, तर यंत्र ती परत देते, कारण तिच्यासाठी कोणी अनामत भरलेलीच नाही. नदी एक असली तरी अनामत सीमेवर संपते.

आमच्याकडे तेरेखोल नदीचे असेच आहे. एका काठावर आरोंदा, म्हणजे महाराष्ट्र, आणि समोर किरणपाणी, म्हणजे गोवा. महाराष्ट्राने २०१८ च्या प्लास्टिकबंदीत एक लिटर किंवा मोठ्या बाटलीला १ रुपया आणि लहान बाटलीला २ रुपये अनामत जाहीर केली होती, पण ती कागदावरून दुकानात नीट उतरली नाही. गोव्याने २०२४ मध्ये स्वतःची अनामत योजना अधिसूचित केली. ती पूर्ण लागू झाली तरी आरोंद्याच्या दुकानातली बाटली तिच्यात बसणार नाही. दोन राज्यांत एकाच देशाचा कायदा असताना ही अवस्था, तर पाच देशांचे काय सांगावे.

अडसर

नदीवर आडवे जाळे किंवा तरंगता अडसर टाकून कचरा वरच्या वर का अडवत नाहीत, असे कोणी अजून विचारलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. ग्वाटेमालातील मोटाग्वा नदी होंडुरासच्या सीमेजवळ कॅरिबियन समुद्राला मिळते आणि ग्वाटेमाला शहराचा कचरा लास व्हाकास या उपनदीमार्गे तिच्यात येऊन होंडुरासच्या ओमोआ गावाच्या किनाऱ्यावर लागतो. दोन देशांत त्यावरून बरीच कटुता झाली. ‘द ओशन क्लीनअप’ या संस्थेने २०२२ मध्ये लास व्हाकासमध्ये कुंपण उभारले. लोंढ्याच्या जोराने त्याच्या पायाखालची माती वाहून गेली आणि ते टिकले नाही. पुढच्या वर्षी वेगळ्या रचनेचे अडसर टाकले, ते अधिक यशस्वी ठरले.

बोस्निया-हर्झेगोव्हिनात विशेग्राद येथे द्रिना नदीवर धरणाआधी असाच अडसर आहे. सर्बिया, माँटेनेग्रो आणि बोस्निया या तिन्ही देशांचा कचरा तेथे साचतो, क्रेनने काढला जातो आणि विशेग्रादच्याच कचरा डेपोत टाकला जातो. अडसराने समुद्र वाचला हे खरे, पण तीन देशांचा कचरा एका लहान गावाच्या माथी आला. अडसर टाकण्याआधी काढलेला कचरा कोठे न्यायचा आणि वाहतुकीचे पैसे कोण देणार, हे लिहून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पैलतीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. किरणपाणी यांचे यंत्राबद्दलचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. मी एक बाटली धुऊन प्रयत्न केला होता आणि यंत्राने ती सविनय परत केली.

कलमबहाद्दर यांना एकच विचारतो. ऱ्हाइनमध्ये मीठ कोठून किती येते ते मोजता येत होते, म्हणून ३४ आणि ३० असे वाटे पाडता आले. टिसातल्या प्लास्टिकचे वाटे कोणत्या आधारावर पाडायचे?

कलमबहाद्दर

प्रश्न रास्त आहे. एक कच्चा आधार बाटलीवरच असतो. बारकोडचे पहिले तीन अंक पाहावेत. युक्रेनचे ४८२, रुमानियाचे ५९४, हंगेरीचे ५९९, स्लोव्हाकियाचे ८५८ आणि सर्बियाचे ८६०. मात्र हे अंक कंपनीची नोंदणी कोणत्या देशात आहे ते सांगतात, बाटली कोणी कोठे फेकली ते नव्हे. रुमानियात विकत घेतलेली हंगेरियन बाटली हंगेरीच्याच खात्यावर चढेल. त्यामुळे न्यायालयात हा पुरावा टिकणार नाही, पण वाटाघाटीच्या टेबलावर चालावा.

किरणपाणी

चालेल, पण वेष्टन शिल्लक असेल तरच. आमच्या शेडमध्ये खाडीतून आलेल्या बाटल्यांपैकी बहुतेकांचे वेष्टन पाण्यात सुटून गेलेले असते. पैलतीर, पुढच्या वेळी गाळ ओतण्याआधी वेष्टन असलेल्या आणि नसलेल्या बाटल्यांची वेगळी मोजणी करता आली, तर आकडे येथे अवश्य द्यावेत.