मदत हवी आहे: काझात आहोत, बर्फाचा इशारा आहे, कुंझुम की किन्नौर?

हिमाचलमधल्या स्पितीत काझाला चौघे आहोत, सोबत रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाई. परवापासून लाहौल-स्पितीच्या उंच भागात बर्फवृष्टीचा इशारा आहे. सप्टेंबर संपायच्या आत एवढं कशाला पडतंय, असं वाटलं होतं, पण २०१८ ला याच महिन्यात लाहौलमध्ये शेकडो लोक अडकले आणि हेलिकॉप्टरने काढावे लागले, हे वाचून धास्ती बसली आहे.

मूळ बेत परवा कुंझुम खिंड, बातल, ग्राम्फू, अटल बोगदा आणि मनाली. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर, पुढे बातल ते ग्राम्फू खडबडीत रस्ता, मधे नाले. गाडी भाड्याची इनोव्हा, चाकांच्या साखळ्या नाहीत.

ड्रायव्हरदादा म्हणतात, उद्या पहाटे निघून कुंझुम गाठू. होमस्टेवाले काका म्हणतात, थांबा. पोलीस चौकीत 'आज रस्ता चालू आहे' एवढंच कळलं. औषधं आठवडाभराची आहेत, चंदीगडचं विमान पुढे ढकलता येईल.

तिसरा मार्ग किन्नौरमधून, म्हणजे नाको, रेकाँग पिओवरून सिमल्याला उतरायचा. लांबचा आहे, पण एवढी उंच खिंड नाही. मात्र मलिंग नाल्याजवळ दरडी कोसळतात म्हणे.

अशा हवेत या दिवसांत तिकडून गेलेल्यांनी कृपया सांगा: उद्याच किन्नौरकडून उतरावं, की वादळ ओसरेपर्यंत काझातच थांबणं जास्त सुरक्षित?