मदत हवी आहे: आईच्या जबड्यात हाड भरून इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून बसवायचा दात)

आईच्या वरच्या दाढा काढून 8 वर्षं झाली. दाढ गेली की तिथलं हाड झिजत जातं, हे तेव्हा माहीतच नव्हतं. आता स्कॅनमध्ये सायनसखाली (दाढांच्या वरची हवेची पोकळी) जेमतेम 3 मिमी हाड दिसतंय. डॉक्टर म्हणतात, सायनस लिफ्ट करून, म्हणजे त्या पोकळीचं अस्तर वर उचलून, खाली हाडाची भुकटी भरू, 6 महिन्यांनी इम्प्लांट.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. ठिसूळ हाडांसाठी ती 5 वर्षं अ‍ॅलेंड्रोनेट घेतेय. या गोळीमुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. कुणी ही गोळी चालू असताना हे ऑपरेशन करून घेतलंय का? गोळी थांबवली होती का, कुणाच्या सल्ल्याने? भरलेलं हाड धरलं का? की कवळीच बरी? कृपया अनुभव सांगा, आई फार घाबरली आहे.