वालावरचा मावा: फवारावे की थांबावे?

मूळ मत (आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

मार्गशीर्षात चार दिवस आभाळ धरले की सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या परसातल्या, वालाचे कोवळे शेंडे काळ्या माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीने, भरून जातात, आणि गावात जो तो तंबाखूचा काढा मारायला सांगतो. काढा घरी केला म्हणून तो निर्विष ठरत नाही. त्यातले निकोटीन कीटकनाशकच आहे आणि ते कातडीतूनही अंगात भिनते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून मी ठरवले आहे की ज्या शेंगा दोन दिवसांनी पोरांच्या ताटात पडणार, त्यांच्यावर काहीही फवारायचे नाही, अगदी घरचा अर्कसुद्धा नाही.

शेंडा डोळ्यांजवळ धरून पाहा. माव्याच्या गर्दीत काळसर, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिलासारखी लांबट अळी फिरताना दिसते. ती ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंगेऱ्याची) अळी असून पूर्ण वाढ होईपर्यंत शेकडो मावे खाते. बहुतेक जण तिलाच कीड समजून चिरडतात. मीही दोन हंगाम तेच केले. तिला वेळ द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

भाऊ, तंबाखूबद्दल तुमचे म्हणणे शंभर टक्के पटले, पण थांबण्याचा सल्ला मला मान्य नाही. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले घालते आणि ती पिल्लेही आठ-दहा दिवसांत पिल्ले घालू लागतात. ढालकिडे मात्र मावा वाढल्यावरच येतात. गेल्या वर्षी मी थांबले, तर फुले गळाली, शेंगांवर चिकटा पसरला, त्यावर काळी बुरशी चढली आणि आठवडी बाजारात त्या शेंगांकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. ज्यांना घरापुरते पिकवायचे आहे त्यांनी खुशाल थांबावे. माझ्या घरचे तेल-मीठ त्याच वेलांवर चालते. म्हणून मी पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवते, फडक्याने गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळते आणि दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारते.

प्रतिसाद (अचलपूर तालुका, जिल्हा अमरावती)

ताई, साबणाचे पाणी अंगावर पडले तर मावा मरतो तशी ढालकिड्याची कोवळी अळीही मरते, हे लक्षात असू द्या. पण मला तुम्हा दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते, कारण मुंग्यांचा विषय कोणी काढलाच नाही. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात. मांडवाच्या खांबांना एरंडेल तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळा आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा. चुलीची राख टाकतात खरी, पण दवाने ओली झाली की ती मुंग्यांना अडवत नाही. आणि वालाला युरिया देणे आधी थांबवा. त्याने लुसलुशीत झालेल्या शेंड्यांवरच मावा तुटून पडतो.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

मुंग्यांचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, तो मान्य करतो. ताई, तुमचे नुकसानही खरे आहे. परंतु मावा पहिल्या दोन-चार शेंड्यांवर असतो तेव्हाच ते खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले, तर फवारणीची वेळ सहसा येत नाही. शेजारी सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, एक वाफा फुलावर सोडा. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर सिरफिड माशी येते आणि तिच्या अळ्याही मावाच खातात. सरसकट सगळ्या मांडवावर निंबोळी फवारण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

दारव्ह्याहून पुन्हा

भाऊ, चाळीस वेलांचे शेंडे रोज सकाळी एकटीने तपासायचे आणि नऊच्या आत मजुरीलाही पोहोचायचे, हे माझ्याने होणार नाही. यापुढे शेंड्यावर अळी दिसली तर तो वेल सोडून फवारीन, एवढा शब्द देते. सांबाराचा वाफा फुलावर सोडला की त्याच्या जुड्यांचे पैसे जातात, तरी यंदा एक सोडून पाहते. निंबोळीची पिशवी मात्र हाताशीच राहील.