मदत हवी आहे: शेळ्यांचा रंग आणि शिंगं, दोन्हींचा अंदाज एकदम कसा काढायचा?

औशाजवळ आमच्या ६ उस्मानाबादी शेळ्या, सगळ्या तांबड्या, शिंगं असलेल्या. बोकड काळाकुळकुळीत, बिनशिंगी. यंदा ११ करडं झाली, सगळी काळी. ६ बिनशिंगी, ५ जणांच्या कपाळावर कोंब हाताला लागतात.

आता यातल्या बिनशिंगी पाटींना (तरुण माद्यांना) शेजारचा काळा, शिंगाळा बोकड लावायचाय. त्याची आई तांबडी होती. दोन्हीकडून बिनशिंगी घेणार नाही, तशा जोडीतून काही माद्या वांझ निपजतात.

बारावीतल्या पुतणीनं आईबापांची जनुकं आडवी-उभी लिहून चौकटी मांडल्या. दोन गुणांसाठी पुस्तकातलं ९:३:३:१ प्रमाण नाही, ३:३:१:१ येतं म्हणते (काळी बिनशिंगी : काळी शिंगाळी : तांबडी बिनशिंगी : तांबडी शिंगाळी). मला पटलं, पण शिंगांचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर असतं. रंगाचंही तिथंच असेल तर दोन्ही गुण जोडीनं उतरून हिशोब फिसकटेल ना? आणि रंगाला एकच जनुक धरून चालेल का?