महिन्यातून एकदाच, पण बसला की दोन क्वार्टर : मदत हवी आहे

नमस्कार. नवऱ्याच्या पिण्याबद्दल विचारायचं आहे. वय ४१. रोज पीत नाही, घरात बाटली नसते, मधले तीन-चार आठवडे थेंबालाही शिवत नाही. त्यामुळे सासूबाईंपासून मित्रांपर्यंत सगळ्यांचं एकच, "तो कुठे पितो?" पण कॉलेजचा ग्रुप जमला, गटारी किंवा थर्टीफर्स्ट आला, की दोन क्वार्टर सहज संपवतो. जेवण नाहीच, नुसता चकणा.

मी हिशेब मांडला. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये ६० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. महिन्यातून एकदा जरी एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त गेलं, तरी जागतिक आरोग्य संघटना ते अतिमद्यपानात धरते. हा त्याच्या दुप्पट घेतो.

दिवाळीतल्या अशाच एका बैठकीनंतर पहाटे तो दचकून उठून बसला. छाती धडधडत होती. मी मनगट धरलं तर ठोके एका लयीत नव्हतेच. तीन-चार भराभर, मध्येच एक गायब, परत भराभर. दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलं आणि ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, हे हॉलिडे हार्ट असू शकतं, म्हणजे एकदम खूप दारू प्यायल्यावर हृदयाचे ठोके अनियमित होणं. १९७८ पासून डॉक्टरांना माहीत असलेला प्रकार आहे हा. ठोक्यांची अशी गडबड वारंवार झाली तर हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, हे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे.

तो मात्र एसजीपीटीचा (लिव्हरच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट दाखवतो : नॉर्मल. त्याच कागदावर ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) ४१० आहेत, म्हणजे बरेच जास्त, त्याबद्दल बोलत नाही. इतक्या ट्रायग्लिसराइड्सवर एवढी दारू म्हणजे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. सासऱ्यांना बीपी होतं.

इथे कोणी डॉक्टर असतील तर कृपया सांगा. एसजीपीटी नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर असू शकतं ना? सोनोग्राफी पुरेल की फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते दाखवणारी तपासणी) करावा? धडधड पकडायला होल्टर (दिवसभर अंगावर राहून ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावायचा, तर तो बैठकीच्या दुसऱ्या दिवशी लावायचा का? मधले आठवडे कोरडे गेल्याने शरीर खरंच भरून निघतं का?

आणि ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना विचारते, विषय काढलात कसा? मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव घेतलं तर "मी काय बेवडा आहे का?" म्हणून ताटावरून उठतो. व्यसनी नसलेल्या, पण थांबता न येणाऱ्या माणसासाठी समुपदेशक असतात का? पुण्यात किंवा ऑनलाइन, दोन्ही चालेल.